ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड शिकवणीतील भेद कसे अभ्यासावेत: दोन प्रश्नोत्तरावल्यांचे शेजारी-शेजारी वाचन

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून मार्टिन ल्यूथरची ल्यूथरन आणि झ्विंग्ली, कॅल्व्हिन यांची रिफॉर्म्ड अशा दोन मोठ्या परंपरा निघाल्या. त्यांच्यातील भेद समजून घ्यायचा म्हटले की बहुतेक अभ्यासक थेट पूर्वनियोजनाच्या सिद्धान्तापाशी जातात; देवाने कोणाला आधीच निवडले आणि कोणाला नाही, या प्रश्नावर दोन्ही पक्षांना समोरासमोर उभे करतात आणि तेथेच अडकून पडतात. माझ्या मते ही वाट चुकीची आहे. हे दोन पक्ष पहिल्यांदा फुटले ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या संस्काराच्या, मेजावर, आणि बाकीचे बहुतेक भेद त्या मेजापासून मोजत गेले तरच त्यांची जागा नीट कळते. म्हणून येथे सांगितलेली पद्धत मेजापासून सुरू होते आणि पूर्वनियोजनाकडे सर्वांत शेवटी वळते.

साहित्य फारसे लागत नाही. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लिहिलेली लहान प्रश्नोत्तरावली, १५६३ साली प्रसिद्ध झालेली हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली, पवित्र शास्त्राची एक प्रत आणि पेन्सिल एवढे पुरे. ल्यूथरन मंडळ्यांच्या अधिकृत विश्वासपत्रांचा १५८० सालचा कॉन्कॉर्ड ग्रंथ व जॉन कॅल्व्हिनचा १५५९ साली अंतिम रूपात आलेला मोठा ग्रंथ हाताशी असले तर उत्तमच, पण ते संदर्भापुरते वापरावेत. प्रश्नोत्तरावलीपासून आरंभ करण्याचे कारण साधे आहे. वादग्रंथात लेखक प्रतिपक्षाला नमवण्यासाठी लिहितो, तर प्रश्नोत्तरावली मुलांकडून पाठ करून घेण्यासाठी रचलेली असते. आपल्या लेकराने मरेपर्यंत काय धरून ठेवावे असे एखाद्या परंपरेला वाटते, ते तिच्यात सापडते.

प्रथम साम्यावर खूण करावी

ल्यूथरच्या पुस्तिकेतील प्रेषितांच्या मतांगीकाराच्या दुसऱ्या कलमाचे स्पष्टीकरण आणि हायडेलबर्गचा पहिला प्रश्न एकापाठोपाठ वाचावेत. ल्यूथर म्हणतो की ख्रिस्ताने मला सोन्यारुप्याने नव्हे, तर आपल्या मोलवान रक्ताने सोडवले, ते मी त्याचा व्हावे म्हणून. हायडेलबर्ग विचारते, जगण्यात आणि मरण्यात तुझे एकमेव सांत्वन कोणते, आणि उत्तर देते की मी माझा स्वतःचा नाही, ज्याने आपल्या मोलवान रक्ताने माझ्या सर्व पापांची भरपाई केली त्या ख्रिस्ताचा आहे. मधल्या चौतीस वर्षांत या दोन पक्षांनी एकमेकांविरुद्ध भरपूर कडवट मजकूर छापला, तरी या दोन उत्तरांची नाडी एकच आहे. विश्वासाने नीतिमान ठरण्याबद्दलही तसेच आहे: हायडेलबर्गचा साठावा प्रश्न आणि १५३० सालच्या ऑग्सबर्ग विश्वासपत्राचे (ल्यूथरनांच्या मूळ विश्वासपत्राचे) चौथे कलम यांत मला शिकवणीचा भेद दिसत नाही. माणसाची इच्छा पापाच्या बंधनात आहे, ही शिकवण कॅल्व्हिनची खास मालमत्ता आहे असा समज अनेकांचा असतो. त्यांनी १५२५ साली ल्यूथरने इरॅस्मस या विद्वानाला याच विषयावर दिलेले उत्तर चाळावे. ल्यूथर त्या ग्रंथात कॅल्व्हिनपेक्षा तसूभरही मवाळ नाही.

एवढी खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाहीतर भेद आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि नको त्या ठिकाणी दिसतो.

मेजावरचे तीन प्रश्न

१५२९ च्या ऑक्टोबरात हेस या जर्मन प्रांताचा शासक फिलिप याने मारबुर्गच्या किल्ल्यात एका बाजूला ल्यूथर व त्याचा सहकारी मेलांख्थन आणि दुसऱ्या बाजूला झ्विंग्ली, ओइकोलाम्पाडियस व बुत्सर यांना एकत्र बसवले. फिलिपला कॅथलिक सम्राटाविरुद्ध एकजूट हवी होती आणि त्या एकजुटीच्या आड हा एकच वाद येत होता. ल्यूथरने मेजावर खडूने "हे माझे शरीर आहे" ही ख्रिस्ताची वाक्ये लॅटिनमध्ये लिहून ठेवली, वर कापड पांघरले आणि वाद रंगात आल्यावर ते कापड दूर सारून अक्षरे दाखवली, असे त्या भेटीचे वृत्तान्त सांगतात. झ्विंग्लीचा भर योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील त्रेसष्टाव्या वचनावर होता; देहापासून लाभ नाही, जिवंत करणारा तो आत्मा, असे तेथे म्हटले आहे, म्हणून 'आहे' या शब्दाचा अर्थ 'दर्शवते' असा घ्यावा, असे तो म्हणे. अखेरीस पंधरा कलमे लिहिली गेली. चौदांवर एकमत झाले. पंधराव्यात प्रभुभोजनाबद्दल बरेचसे जुळले, मात्र ख्रिस्ताचे खरे शरीर व रक्त भाकरीत आणि द्राक्षारसात शारीरिक रीतीने असते की नाही, यावर एकमत झाले नाही असे त्यात सरळ नोंदवले आहे.

आता दोन्ही प्रश्नोत्तरावल्या उघडाव्यात. ल्यूथर विचारतो, वेदीवरचा संस्कार म्हणजे काय, आणि उत्तर देतो की भाकर व द्राक्षारस यांखाली असलेले आपल्या प्रभूचे खरे शरीर व खरे रक्त, ख्रिस्ती जनांनी खावे-प्यावे म्हणून ख्रिस्ताने स्वतः नेमून दिलेले. हायडेलबर्ग पंचाहत्तराव्या ते एकोणऐंशीव्या प्रश्नांत हेच क्षेत्र नांगरते. भाकर माझ्यासाठी मोडली जाताना मी जितक्या निश्चितपणे डोळ्यांनी पाहतो, तितक्याच निश्चितपणे ख्रिस्ताचे शरीर माझ्यासाठी वधस्तंभावर अर्पिले गेले आणि तो माझ्या आत्म्याचे पोषण करतो, असे ती सांगते. त्या वाक्यातील "जितक्या… तितक्याच" या जोडीखाली रेघ ओढावी. ल्यूथरच्या वाक्यात 'खाली' आहे, हायडेलबर्गच्या वाक्यात 'जितके–तितके' आहे. एक वाक्य देणगीला भाकरीत बसवते, दुसरे दोन घटना समांतर चालवते. माझ्या पाहण्यात या सगळ्या वादाचे इतके आटोपशीर रूप दुसरीकडे नाही.

हा फरक कागदावर पारखण्यासाठी प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारावेत. तोंडाने काय घेतले जाते? विश्वास नसलेला माणूस मेजावर आला तर त्याला काय मिळते? आणि पुनरुत्थित ख्रिस्ताचे शरीर या क्षणी कोठे आहे? ल्यूथरन उत्तरे अशी: तोंडाने भाकरीबरोबर ख्रिस्ताचे शरीर घेतले जाते, अविश्वासी माणसालाही तेच शरीर मिळते, फक्त ते त्याच्या न्यायासाठी, आणि यासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील अयोग्य रीतीने खाण्याविषयीचा इशारा पुढे केला जातो. रिफॉर्म्ड उत्तरे अशी: तोंडाने भाकर घेतली जाते आणि विश्वासाने ख्रिस्त घेतला जातो, त्यामुळे ज्याच्याजवळ विश्वास नाही त्याला चिन्ह मिळते पण चिन्हित वस्तू मिळत नाही. दुसरा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. मधला मार्ग काढू पाहणाऱ्या लेखकांची भाषा पहिल्या प्रश्नावर इतकी गुळगुळीत होते की दोन्ही पक्ष मान डोलावतात; पण अविश्वासी माणसाच्या हातात काय पडले, हे विचारताच लेखक कोणत्या बाजूचा हे उघड होते.

तिसऱ्या प्रश्नातून वाद प्रभुभोजनावरून ख्रिस्ताच्या व्यक्तित्वावर जातो, आणि येथे घाई करू नये. रिफॉर्म्ड पक्ष म्हणतो की ख्रिस्त खरा माणूस आहे, खऱ्या माणसाचे शरीर एका ठिकाणीच असते, आणि ते शरीर स्वर्गारोहणानंतर स्वर्गात आहे. हायडेलबर्गचा सत्तेचाळिसावा प्रश्न विचारतो की मग ख्रिस्त जगाच्या अंतापर्यंत आपल्याबरोबर नाही काय. उत्तर असे की मानवी स्वभावाच्या दृष्टीने तो आता पृथ्वीवर नाही, परंतु देवत्व, वैभव, कृपा आणि आत्मा यांच्या दृष्टीने तो आपल्यापासून कधीच दूर नाही. अठ्ठेचाळिसाव्या प्रश्नात पुढची शंका लगेच घेतली आहे: असे म्हटल्याने दोन स्वभावांची फाटाफूट होत नाही काय? उत्तर सांगते की देवत्व अमर्याद असल्यामुळे ते धारण केलेल्या मानवी स्वभावाच्या बाहेरही आहे आणि तरी त्याच्याशी जोडलेलेही आहे. ल्यूथरन पंडितांना हे 'बाहेरही' मुळीच रुचले नाही आणि त्यांनी त्याला 'कॅल्व्हिनवाद्यांचे जास्तीचे' असे खवचट नाव दिले, जे पुढे पारिभाषिक संज्ञाच होऊन बसले. त्यांचे म्हणणे असे की देवाचा उजवा हात ही जागा नव्हे, ती देवाची सर्वत्र असलेली सत्ता आहे. आणि देवत्वाचे वैभव ख्रिस्ताच्या मानवी स्वभावालाही खरोखर दिले गेले असल्यामुळे तो वचन देईल तेथे त्याचे शरीर असू शकते. १५७७ च्या कॉन्कॉर्ड सूत्रात, म्हणजे कॉन्कॉर्ड ग्रंथातील शेवटच्या ल्यूथरन विश्वासपत्रात, प्रभुभोजनाचे सातवे कलम आणि ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाचे आठवे कलम लागोपाठ येतात, ते याच कारणाने. गोठ्यातल्या बाळाकडे बोट दाखवून, याच्याखेरीज दुसरा देव मला ठाऊक नाही, असे म्हणण्याची ल्यूथरन ओढ. निर्माता आणि निर्मिती यांची सरमिसळ होऊ नये ही रिफॉर्म्ड काळजी. दोन्ही बाजूंना जे गमवायचे नाही ते लक्षात ठेवले, तर पुढची प्रकरणे निम्मी सोपी होतात.

येथे दोन सावधगिऱ्या. झ्विंग्लीला संपूर्ण रिफॉर्म्ड परंपरा समजू नये. तो १५३१ साली काप्पेलच्या रणांगणावर मारला गेला. मारबुर्गच्या भेटीवेळी जेमतेम वीस वर्षांचा असलेला कॅल्व्हिन पुढे असे शिकवू लागला की पवित्र आत्मा विश्वासी माणसाला वर उचलून स्वर्गातील ख्रिस्ताच्या शरीराशी खरोखर जोडतो, आणि म्हणून मेजावर रिकामे चिन्ह नसते. १५४९ साली झ्विंग्लीच्या जागी आलेला झुरिचचा बुलिंगर आणि कॅल्व्हिन यांनी जो समझोता केला त्यात दोन्ही छटा विणलेल्या दिसतात. दुसरे असे की ल्यूथरन मताला 'सहतत्त्ववाद' असे नाव देण्याची सवय अनेक पाठ्यपुस्तकांना आहे. ल्यूथरन लोक ते नाव नाकारतात, कारण दोन तत्त्वे एकमेकांत कशी मिसळतात याची उपपत्ती त्यांना मांडायचीच नाही, केवळ ख्रिस्ताचे वाक्य आहे तसे धरायचे आहे. प्रतिपक्षाने दिलेले नाव टिपणवहीत उतरवण्याआधी ते त्या पक्षाला मान्य आहे की नाही, हे पाहावे.

हायडेलबर्ग पुस्तिकेचा जन्मही याच वादातून झाला. १५५९ साली त्या शहरातील दोन धर्मसेवकांची प्रभुभोजनावरून उघड भांडणे होऊ लागली, तेव्हा तेथे नव्याने गादीवर आलेला राज्यकर्ता तिसरा फ्रेडरिक याने दोघांनाही पदावरून दूर केले आणि पुढे झखारियास उर्सिनुस व इतरांकडून नवी प्रश्नोत्तरावली तयार करून घेतली. त्या काळी जर्मन साम्राज्यात प्रोटेस्टंटांपैकी ऑग्सबर्ग विश्वासपत्र मानणाऱ्यांनाच १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाचे संरक्षण होते. मेलांख्थनने १५४० साली त्याच विश्वासपत्राच्या दहाव्या, प्रभुभोजनाविषयीच्या, कलमाची भाषा सैल केली होती. या सैल आवृत्तीच्या आधाराने रिफॉर्म्ड राज्यकर्ते संरक्षण मागू शकत होते. म्हणून ऑग्सबर्ग विश्वासपत्र वाचताना हातातली प्रत १५३० ची आहे की १५४० ची, हे आधी पाहावे.

दहा आज्ञा कितव्या पानावर आहेत

दोन्ही पुस्तिकांची अनुक्रमणिका पाहणे हा पुढचा टप्पा, आणि तो जितका सोपा तितकाच बोलका आहे. ल्यूथरकडे दहा आज्ञा पहिल्याच पानावर आहेत, मतांगीकार आणि प्रार्थना नंतर. हायडेलबर्गमध्ये दुःस्थिती, सुटका आणि कृतज्ञता असे तीन भाग आहेत आणि दहा आज्ञांचे सविस्तर विवेचन तिसऱ्या भागात, ब्याण्णवाव्या प्रश्नापासून येते. ल्यूथरन दृष्टीने नियमशास्त्राचे मुख्य काम माणसाला दोषी ठरवून शुभवर्तमानाकडे ढकलणे हे आहे. कॅल्व्हिनच्या दृष्टीने त्याचे मुख्य काम विश्वासी माणसाला कृतज्ञ जीवनाची दिशा दाखवणे हे आहे. मात्र हा भेद ताणू नये. हायडेलबर्गचा तिसराच प्रश्न सांगतो की तुला तुझी दुःस्थिती देवाच्या नियमशास्त्रातून कळते, आणि कॉन्कॉर्ड सूत्राचे सहावे कलम विश्वासी माणसासाठी नियमशास्त्राचा उपयोग स्पष्टपणे मान्य करते. प्रश्न प्राधान्याचा आहे, मान्यतेचा नव्हे.

त्याच पानावर आज्ञांचे क्रमांकही ताडून पाहावेत. ल्यूथरने ऑगस्टीनपासून चालत आलेली मोजणी ठेवली. तिच्यात मूर्ती करू नयेत ही वेगळी आज्ञा नाही, ती पहिल्या आज्ञेत सामावते, आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोडून दहा संख्या पुरी होते. रिफॉर्म्ड मोजणीत मूर्तींची आज्ञा स्वतंत्र, दुसऱ्या क्रमांकावर आहे. मराठी वाचकाला हा फरक घरबसल्या पडताळता येतो. वसईच्या कॅथलिक घरात पाठ केलेली सहावी आज्ञा व्यभिचाराविषयीची असते, आणि अहमदनगरच्या, आता अहिल्यानगरच्या, प्रोटेस्टंट घरातली सहावी आज्ञा खुनाविषयीची; ल्यूथर या बाबतीत वसईच्या बाजूला बसतो. महाराष्ट्रात १८१३ पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन आणि १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे दोन्ही रिफॉर्म्ड वळणाचे होते. ल्यूथरन परंपरा भारतात १७०६ साली तरंगमबाडीला आली आणि ती प्रामुख्याने तमिळ, तेलुगू व छोटानागपूरच्या भागांत रुजली. मराठी प्रोटेस्टंट वाचकाला रिफॉर्म्ड उत्तरे ओळखीची आणि ल्यूथरची काही उत्तरे 'कॅथलिकांसारखी' वाटतात, ती यामुळे. वाचताना ही आपली सवय आहे हे स्वतःला बजावत राहावे लागते.

क्रमांकाचा परिणाम भिंतींवर दिसतो. हायडेलबर्गचा अठ्ठ्याण्णवावा प्रश्न विचारतो की अशिक्षितांची पुस्तके म्हणून तरी मंदिरात चित्रे ठेवावीत काय, आणि नाही म्हणतो. देवाला आपल्या लोकांना मुक्या प्रतिमांनी नव्हे, जिवंत उपदेशाने शिकवायचे आहे, आपण देवापेक्षा शहाणे होऊ नये. ल्यूथरन मंदिरात वेदीवर ख्रिस्ताच्या देहासह वधस्तंभ राहिला, मेणबत्त्या राहिल्या. विटेनबर्गमध्ये प्रतिमा फोडण्याची लाट उसळली तेव्हा १५२२ च्या मार्चमध्ये ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्याहून परतला आणि सलग आठ दिवस प्रवचने करून त्याने ती थांबवली. शास्त्राने जे मना केले नाही ते ठेवता येते, हा ल्यूथरन नियम. उपासनेत शास्त्राने जे सांगितले तेवढेच करावे, हा रिफॉर्म्ड.

बाप्तिस्मा

येथे मेजावरचाच प्रश्न पाण्याला विचारायचा असतो, म्हणून फार वेळ लागत नाही. ल्यूथर म्हणतो की बाप्तिस्मा पापांची क्षमा घडवतो, मरण व सैतान यांपासून सोडवतो आणि जे विश्वास ठेवतात त्यांना सार्वकालिक तारण देतो. पाणी हे कसे करील, तर एकटे पाणी नव्हे, पाण्यात व पाण्याबरोबर असलेले देवाचे वचन. हायडेलबर्गचा बहात्तरावा प्रश्न विचारतो की पाण्याचे बाह्य स्नान हेच पापांचे क्षालन आहे काय, आणि उत्तर 'नाही' या शब्दाने सुरू होते. दोघेही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात, पण कारणे वेगळी: ल्यूथरन पक्ष देव त्या क्षणी बाळाला काय देतो ते सांगतो, रिफॉर्म्ड पक्ष बाळ आधीच कराराच्या लोकांत आहे, म्हणून सुंतेच्या जागी आलेले चिन्ह त्याला मिळावे, असे म्हणतो. बाळ दगावण्याच्या बेतात असेल तर सुईणीने बाप्तिस्मा द्यावा काय? ल्यूथरन मंडळ्यांनी होय म्हटले. कॅल्व्हिनने नाही म्हटले, कारण देवाचे वचन त्या बाळाला आधीच धरून आहे. कारणमीमांसेतला बारीक फरक बाळंतिणीच्या खोलीत किती मोठा होतो, ते या एका प्रश्नात दिसते.

आता निवडीकडे

हायडेलबर्ग हाती घेतलेल्या वाचकाला आश्चर्य वाटेल ते असे की पूर्वनियोजन तिच्यात जवळजवळ नाहीच. चौपन्नाव्या प्रश्नात मंडळीविषयी बोलताना सार्वकालिक जीवनासाठी निवडलेला समुदाय एवढा उल्लेख येतो. कॅल्व्हिननेही अखेरच्या आवृत्तीत हा विषय तिसऱ्या पुस्तकात, विश्वास व प्रार्थना यांच्या विवेचनानंतर ठेवला. ज्या पाच मुद्द्यांवरून रिफॉर्म्ड शिकवण ओळखली जाते ते नेदरलँड्समधील डोर्ट येथे १६१८–१९ साली भरलेल्या रिफॉर्म्ड सभेतून आले. १६१० साली डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी मांडलेल्या पाच कलमांना ते दिलेले उत्तर होते. उत्तर आहे म्हटल्यावर त्याचा आकार प्रश्नकर्त्याने ठरवलेला असतो, हे विसरू नये.

डोर्टचे म्हणणे असे की देवाने काहींना कृपेने निवडले, इतरांना त्यांच्या पापात राहू दिले, आणि ख्रिस्ताच्या मरणाचा तारणकारी परिणाम निवडलेल्यांसाठी योजला होता. कॉन्कॉर्ड सूत्राचे अकरावे कलम निवड मानते, ती निव्वळ कृपेची आहे असेही मानते, पण नाशासाठीची दुसरी योजना मानत नाही. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, जो तरतो तो देवामुळे तरतो आणि जो नाश पावतो तो स्वतःच्या दोषामुळे. मग एकाच अवस्थेतील दोघांपैकी एकच का तरतो? या ठिकाणी ल्यूथरन लेखक लेखणी खाली ठेवतो. रिफॉर्म्ड वाचकाला ही पळवाट वाटते, ल्यूथरन वाचकाला डोर्टचे उत्तर शास्त्रापुढे धावलेले तर्कशास्त्र वाटते. ख्रिस्ताच्या शरीराबद्दल 'ते कसे' हे विचारायला नकार देणारी हीच परंपरा होती, हे आठवले तर तिचे येथले मौन अचानक आलेले वाटणार नाही. उलट, देवाचे स्वातंत्र्य कोणत्याही वस्तूत बांधले जाऊ नये असे मेजावर म्हणणारी परंपरा निवडीच्या बाबतीतही तेच म्हणते.

शेवटची पारख अशी करावी. एका भ्यालेल्या माणसाची कल्पना करावी, जो आपल्या पाळकाला विचारतो, मी देवाचा आहे हे मला कसे कळावे? ल्यूथरन पाळक त्याला ल्यूथरच्याच मोठ्या प्रश्नोत्तरावलीतले उत्तर देईल: तुझा बाप्तिस्मा झाला आहे, तुझ्या मनात काय चालले आहे ते पाहू नकोस, तुझ्यावर पडलेले पाणी आणि त्याबरोबरचे वचन पाहा. रिफॉर्म्ड पाळकही आधी ख्रिस्ताकडेच बोट दाखवेल, पण त्याच्या हातात हायडेलबर्गच्या शहाऐंशीव्या प्रश्नाचे उत्तर असेल, ज्यात सत्कृत्ये करण्याच्या कारणांमध्ये असेही एक आहे की फळांवरून आपल्याला आपल्या विश्वासाची खात्री पटावी. आणि डोर्टच्या पाचव्या प्रकरणातून तो सांगेल की देव ज्याला धरतो त्याला अखेरपर्यंत सोडत नाही. ल्यूथरन पाळकाला हे शेवटचे वाक्य तसेच म्हणता येणार नाही, कारण ऑग्सबर्ग विश्वासपत्राचे बारावे कलम एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकतो असे मानते. त्या भ्यालेल्या माणसाला कोणाचे उत्तर झोप देईल, हे टिपणवहीत स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि मग मारबुर्गचे पंधरावे कलम पुन्हा एकदा उघडून त्यातील जुळलेला भाग व न जुळलेला भाग वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करावा.